एका कारकुनाचं अक्षर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची एक खोड जाता जात नाही. परगावी गेला की देवळं, बाजार, बागा बघण्याआधी तो तिथल्या बँका बघतो. काउंटर किती, रांग केवढी, दारावरचा शिपाई जागा आहे की पेंगतोय, कॅशियरच्या चेहऱ्यावर जेवणाची सुट्टी झाल्याचा भाव आहे की अजून व्हायची आहे. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे बार्सिलोनाला गेलो, तेव्हाही तेच झालं. पहिल्याच सकाळी सात वर्षांच्या नातवाचं बोट धरून दूध आणायला बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या बँकेपाशी माझे पाय थबकले.

दारावर एक निळी चांदणी होती. पण आपण शाळेत पट्टी धरून काढतो तशी, पाच टोकं मापात बसवलेली चांदणी नव्हे. ही अंग सैल सोडून पसरलेली. एक टोक लांब, एक आखूड, एखाद्या मुलानं अंथरुणात हातपाय फेकावेत तशी. तिच्या शेजारी एक तांबडा ठिपका आणि एक पिवळा. मी नातवाला म्हटलं, "बघ, बँकेनं तुझ्यासारख्याच कुणाकडून तरी काढून घेतलेलं दिसतंय."

नातवानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती. पासबुकाची पानं उलटी धरणाऱ्या खातेदाराकडे आम्ही याच नजरेनं बघत असू. तो म्हणाला, "आजोबा, ते मिरोनं काढलंय. आम्हाला शाळेत आहे तो."

जोआन मिरो हे नाव मी ऐकलेलं नव्हतं असं नाही. साठ-सत्तरच्या पिढीतले आमचे चित्रकार मित्र पिकासोच्या पाठोपाठ हे नाव घेत. परंतु चित्रकार म्हणजे संग्रहालयाच्या भिंतीवरची गोष्ट अशी माझी समजूत. तो बँकेच्या दारावर कसा आला, हे काही उलगडेना. संध्याकाळी मुलीला विचारलं. तिनं दुसऱ्या दिवशी त्याच्या पोस्टरांचं एक जाडजूड पुस्तकच माझ्या पुढ्यात आणून टाकलं. "बाबा, बँकेचं नंतर बघा. आधी हा माणूस कोण होता ते बघा."

पुढचे तीन आठवडे मी ते पुस्तक बघत होतो. वाचत होतो असं म्हणवत नाही, कारण त्यातलं बरंचसं कतालान भाषेत होतं. मुलगी कामावरून आली की थोडं थोडं सांगे. पण आधी जे वाचलं त्यानंच मी सावरून बसलो. हा मिरो १८९३ साली बार्सिलोनात जन्मला, आणि ज्या गल्लीत जन्मला तिचं नाव 'पासाज्ज देल क्रेदित', म्हणजे सरळ मराठीत उधारीची गल्ली! बाप घड्याळजी आणि सोनार, आईचे वडील सुतार, बापाचे वडील लोहार. सगळे हातावर पोट असलेले, हातात कसब असलेले लोक. आणि अशा घरात जे होतं तेच झालं. मुलगा चित्रं काढतो म्हटल्यावर बापानं त्याला वाणिज्य शाळेत घातलं. मुलगा दिवसा हिशेब शिके आणि त्याच काळात चित्रशाळेतही जाई. सतरा वर्षांचा झाला तेव्हा, १९१० साली, त्याला एका औषधं-रसायनांच्या पेढीत हिशेबनीस म्हणून चिकटवून दिलं.

इथे मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१९७९ साली मी बँकेत लागलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. 'बँकेत लागला' या दोन शब्दांत त्या काळी आईबापांची सगळी व्रतं फळाला येत. माझं अक्षर चांगलं होतं, हे माझ्या निवडीचं एक कारण असावं असं मला तेव्हा वाटे. खातेवह्या हातानं लिहायच्या. वर्ष संपलं की नव्या वहीच्या प्रत्येक पानावर खातेदाराचं नाव ठळक अक्षरांत घालायचं. हे काम बहुधा माझ्याकडे येई. कट निब, काळी शाई आणि मागे पंख्याची घरघर. वर्षअखेरच्या त्या रात्री मला मनापासून आवडत. चित्रं मीही काढत असे. पण ती शाळेत बक्षीस मिळण्याइतपतच. पुढे रात्री कादंबऱ्या लिहिल्या. नोकरी मात्र सोडली नाही, पुरती चौतीस वर्षं केली.

मिरोनं ती फार काळ केली नाही. त्याचं मन आणि शरीर दोन्ही कोसळलं. १९११ साली त्याला नैराश्यानं गाठलं, त्यात विषमज्वर झाला. घरच्यांनी त्याला मोंत्रोइच या खेड्यातल्या आपल्या शेतघरी पाठवलं. तिथे तो बरा झाला आणि पुन्हा हिशेबाच्या वहीकडे फिरकला नाही. बापानंही हात टेकले. मग फ्रान्सेस्क गली नावाच्या गुरूकडे तो शिकू लागला. या गलीमास्तरांची एक रीत होती. डोळे बांधून वस्तू हातात द्यायची, विद्यार्थ्यानं ती चाचपायची आणि मग काढायची. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी बघायला शिकवायचं. मिरोच्या पोस्टरांतले ते फुगीर हात, बोंगे पाय, बटाट्यासारखी डोकी पाहिली की मला हे डोळे बांधणं आठवतं. आकार आधी हाताला कळलेला असतो, मग कागदाला.

आता त्याच्या अक्षरांकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्यांच्याविषयी.

१९२५ साली पॅरिसमध्ये असताना मिरोनं एक चित्र केलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जवळजवळ मोकळाच कॅनव्हास. वरच्या बाजूला एकच मोठा शब्द: फोटो. उजवीकडे एक निळा डाग. डागाखाली बारीक अक्षरांत एक ओळ, तिचा अर्थ असा की माझ्या स्वप्नांचा रंग हा असा आहे. बस्स. फोटोचा पत्ता नाही. ही गंमत लक्षात यायला मला एक मिनिट लागलं. पण त्याआधी माझं लक्ष गेलं ते त्या 'फोटो' शब्दाच्या वळणाकडे. ते वळण बंडखोर चित्रकाराचं नव्हे. ते कित्ता गिरवलेल्या, वळणदार, आज्ञाधारक हाताचं आहे. वहीच्या पहिल्या पानावर पेढीचं नाव घालताना हिशेबनीस जसं काढेल तसं. हिशेबाची नोकरी त्यानं सोडली, पण हात बरोबर घेऊन गेला! मग पुढची पन्नास-साठ वर्षं त्या हाताला तो नाना तऱ्हांनी खेळायला लावत राहिला.

पोस्टर म्हणजे काय असतं? वर चित्र, खाली मजकूर. चित्रकारानं चित्र द्यायचं, छापखान्यानं खिळे जुळवून मजकूर घालायचा. मिरोच्याही पुष्कळ प्रदर्शनांची पोस्टरं अशीच आहेत आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती मला त्याच्या चित्रांची छापील पाकिटं वाटतात. पण जिथे अक्षरंही त्याच्याच कुंचल्यातून उतरली आहेत, तिथे वेगळाच प्रकार होतो. अक्षर हे चित्राचं नातेवाईक होतं. एखाद्या आकड्याच्या पोटात डोळा आहे की काय असं वाटतं. चित्रातल्या माणसाचा पाय जितका जाड, तितकाच अक्षराचा पाय जाड. चित्रातली चांदणी चार रेघांची, तर अक्षरही त्याच चार रेघांचं. आपण वाचतो आहोत की बघतो आहोत, हे क्षणभर कळत नाही.

मराठी वाचकाला हे नवं नाही. रविवारच्या वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडून ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना कमल शेडगे यांची अक्षरं आठवत असतील. शेडगे २०२० साली गेले. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते नाटक हसवणार की रडवणार, हे त्यांच्या अक्षरावरून कळायचं. शिरोरेषा कुठे तुटली, वेलांटी कुठवर गेली, यात सगळं नाट्य. मिरोची रोमन अक्षरं बघताना मला त्यांची आठवण वारंवार येत होती. फरक असा, की शेडगे यांचं अक्षर शब्दाच्या अर्थात शिरून नटतं, आणि मिरोचं अक्षर अर्थाला बाजूला बसवून आधी स्वतः खेळून घेतं.

पण या खेळाला मी फसलो होतो. पहिले आठ दिवस मी पानं उलटत होतो ते 'किती गोड, किती बालसुलभ' असं म्हणत. मग ते १९३७ चं पान आलं.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँको आणि त्याचे सेनानी उठले. मिरो तेव्हा पॅरिसला अडकला. १९३७ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या सरकारचं दालन होतं. पिकासोचं 'गेर्निका' जगानं पहिल्यांदा पाहिलं ते याच दालनात. मिरोनंही तिथे एक प्रचंड भित्तिचित्र केलं होतं, हातात विळा घेतलेल्या शेतकऱ्याचं. ते पुढे हरवलं, कायमचं. त्याच सुमारास ख्रिस्तियान झर्वोस या कलामासिकाच्या संपादकानं त्याला एक लहानसं काम सांगितलं. स्पेनला मदत म्हणून विकायचं एक तिकीट काढून द्यायचं, किंमत एक फ्रँक. तिकीट काही निघालं नाही, पण त्या चित्राचं पत्रक निघालं आणि ते मिरोच्या साऱ्या पोस्टरांचं मूळपीठ ठरलं.

गडद निळी पार्श्वभूमी. तिच्यावर एक शेतकरी, डोक्याला कतालान शेतकऱ्याची तांबडी टोपी. त्यानं एक हात उगारला आहे आणि त्याची मूठ डोक्यापेक्षा मोठी आहे. लहान मूल आपल्या बापाचं चित्र काढतं तेव्हा जो हात त्याला मारतो किंवा उचलून घेतो तो हात मोठा काढतं, तसा हा हात. रंग तेच, चौकोनी डबीतले: निळा, तांबडा, पिवळा, काळा. आणि मोठ्या अक्षरांत 'एदे लेस्पान्य', स्पेनला मदत करा. शेजारी किंमत: १ फ्रँक. तिकिटाला किंमत लागतेच, पण मिरोनं ती कोपऱ्यात लपवली नाही. आकडा असा ठसठशीत काढला आहे की तोही उगारलेल्या बोटासारखा उभा राहतो.

आणि सगळ्याच्या खाली, छापील खिळ्यांत नव्हे तर स्वतःच्या हस्ताक्षरात, काही ओळी. त्यांचा भाव असा: या लढ्यात एका बाजूला मला झिजून गेलेल्या जुनाट शक्ती दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला लोक दिसतात, ज्यांची निर्माणशक्ती अफाट आहे, ती जगाला थक्क करील.

वाचकहो, मी चौतीस वर्षं सह्या तपासल्या आहेत. हस्ताक्षर म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. खिळ्यांत छापलेला मजकूर कुणाचाही असू शकतो. उद्या विचारणा झाली तर 'छापखान्याची चूक' म्हणता येतं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला माणूस मात्र सापडतो. मिरोनं आपल्या हातानं स्वतःला त्या कागदाशी बांधून घेतलं. आणि पुढे काय झालं? फ्रँको जिंकला. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा मिरोला बायको आणि लहान मुलीला घेऊन पळावं लागलं, आणि पळून तो गेला कुठे, तर त्याच फ्रँकोच्या स्पेनमध्ये! त्याला दुसरी जागा नव्हती. पाल्मा या बेटावरच्या शहरात, आईच्या माहेरी, तो अंग चोरून राहिला. त्या पत्रकाच्या प्रती तर जगात फिरतच होत्या.

त्यानंतर त्या पुस्तकातलं एकही पान मला गोड वाटलं नाही. म्हणजे हसू येत राहिलं, पण त्या हसण्याखाली काहीतरी टोचत राहिलं.

ही पोस्टरं छापली कशी जात, हे थोडं सांगायला हवं, कारण त्यात अक्षराची एक वेगळीच परीक्षा असते. युद्धानंतर मिरो पॅरिसच्या मूर्लो छापखान्यात शिळाछापाचं काम करू लागला. शिळाछाप आपल्याला परका नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांगं छापली ती याच तऱ्हेनं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर मेणकट खडूनं किंवा शाईनं काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. शाई फक्त मेणकट रेघांना धरते, ओल्या जागेला धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तेल आणि पाण्याचं वैर, यावर सगळा धंदा! गोम एकच. दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. चित्राचं एक वेळ चालून जातं, डावा हात उजवा झाला तर कोण विचारतो; पण अक्षर उलटं काढावं लागतं, आरशात दिसतं तसं. नाहीतर खास कागदावर सुलटं काढून ते दगडावर उतरवून घ्यायचं. म्हणजे जे अक्षर 'सहज फटकारलेलं' दिसतं, त्याच्यामागे इतकी यातायात. बार्सिलोनात डोंगरावर मिरोनंच उभारलेली संस्था आहे, १९७५ साली उघडलेली. तिथे त्याची हजारो रेखाटनं जपून ठेवली आहेत. लिफाफ्यांवर, वर्तमानपत्राच्या कडांवर, मिळेल त्या कपट्यावर केलेली, आणि पुष्कळांवर तारीख घातलेली. तारखा बघून मला गहिवरून आलं. हिशेबनिसाची सवय ती!

या पोस्टरांपैकी माझं सगळ्यात आवडतं १९७४ चं आहे, आणि ते एका फुटबॉल क्लबाचं आहे. बार्सिलोनाच्या क्लबाला त्या वर्षी पंच्याहत्तर वर्षं झाली. काळ्या जाड फटकाऱ्यांची एक आकृती, खेळाडू म्हणा, पक्षी म्हणा, आनंदात उडी मारलेलं कुणीतरी. आणि हातानं काढलेली अक्षरं. त्यात एक शब्द आहे: 'आनिवेर्सारि', वर्धापनदिन. मी तो वाचून पुढे गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, काही दिसलं का?" मला काही दिसलं नाही. ती म्हणाली, "स्पॅनिशमध्ये या शब्दाच्या शेवटी 'ओ' असतो. इथे नाही."

शेवटचं शून्य गळालं आणि माझ्या लक्षात आलं नाही! बँकेत असतो तर मेमो मिळाला असता.

तो 'ओ' चुकून गळालेला नव्हता. कतालान भाषेत तो नसतोच. फ्रँकोनं सत्तेवर आल्यावर कतालान भाषा शाळांतून, कचेऱ्यांतून, पाट्यांवरून पुसून काढली होती. या फुटबॉल क्लबालासुद्धा आपलं नाव स्पॅनिश वळणानं बदलून घ्यावं लागलं होतं, आणि मूळ नाव परत मिळालं ते १९७० च्या दशकात. मिरोला सरकारदरबारी 'हुआन' म्हणत, तो स्वतःला जन्मभर 'जोआन' म्हणवून घेत राहिला. १९७० च्या डिसेंबरात, सत्याहत्तर वर्षांचा असताना, लष्करी खटल्याच्या निषेधार्थ तो इतर लेखक-कलावंतांबरोबर मोंसेरातच्या मठात जाऊन बसला होता. आणि ज्या १९७४ साली हे फुटबॉलचं पोस्टर निघालं, त्याच वर्षी मार्च महिन्यात बार्सिलोनाच्या तुरुंगात एका तरुण क्रांतिकारकाला देहदंड दिला गेला होता. फ्रँको जिवंत होता. तो मेला १९७५ च्या नोव्हेंबरात.

अशा दिवसांत एक ऐंशी वर्षांचा म्हातारा शहरभर लागणाऱ्या कागदावर आपल्या आईच्या भाषेतला शब्द काढतो, तोही असा उड्या मारत, की कुणाला वाटावं पोरखेळ आहे. छापील, गंभीर, काळ्या टाइपात तेच लिहिलं असतं तर ती घोषणा झाली असती आणि घोषणेला काय करायचं हे पोलिसांना माहीत असतं. फुटबॉलच्या वाढदिवसाला काय करायचं? दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आपल्याकडे जे रणकंदन होतं ते आठवून मी जरा ओशाळलो. त्या भांडणात पाटीवरचं अक्षर सुंदर असावं, असं म्हणणारा मला तरी कधी भेटला नाही.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. १९८२ ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा स्पेनमध्ये झाली, तिचं अधिकृत पोस्टर मिरोनं केलं. पुढे स्पेनच्या पर्यटन खात्याला चिन्ह हवं होतं, तेव्हा त्या पोस्टरावरची 'एस्पान्या' ही अक्षरं आणि मिरोच्याच एका जुन्या पोस्टरातला सूर्य एकत्र केले गेले. एका देशाचं नाव जगभर एका माणसाच्या हस्ताक्षरात जातं आहे, आणि तो माणूस कोण, तर ज्याला त्या देशाच्या सत्तेनं छत्तीस वर्षं संशयानं पाहिलं तो. १९८३ च्या नाताळच्या दिवशी, नव्वदीत, मिरो गेला. शेवटच्या वर्षांतली काही पोस्टरं मला सवयीनं हात फिरवल्यासारखी वाटतात. चांदणी, चंद्र, डोळा, पुन्हा चांदणी. मागणीच तेवढी होती. पण असो.

राहिली बँकेची चांदणी. १९८० च्या सुमाराला 'ला काइशा' या बचत बँकेनं नवं चिन्ह करायचं ठरवलं. एका अमेरिकन संस्थेकडे ते काम होतं आणि मिरोकडे जाण्याचा सल्ला तिनंच दिला. मिरोनं रचना केली, तिच्यावरून जुझेप रोयो या विणकरानं एक मोठं वस्त्रचित्र विणलं, आणि त्यातली निळी चांदणी आणि दोन ठिपके बँकेनं उचलले. 'काइशा' म्हणजे पेटी. पैसे साठवायची पेटी, आपला गल्लाच म्हणा ना. आणि त्या चिन्हाचा एक अर्थ असा लावतात, की ते हातपाय पसरलेलं पोर आहे आणि ते गल्ल्यात नाणं टाकतंय.

हे मुलीनं वाचून दाखवलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, म्हणजे तुमचंच की हो!"

ती काय म्हणतेय ते मुलीला कळलं नाही, कारण तिचा तेव्हा जन्मही नव्हता. १९८५ साली मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावी शाखेत कारकून होतो. आवर्ती ठेवीची खाती वाढवा असा वरून तगादा होता. मी घरी दोन रात्री जागून पोस्टर कलरमध्ये एक भलामोठा कागद रंगवला. मधोमध मातीचा गल्ला, त्याला नाकडोळे, आणि तो पोट भरल्यासारखा हसतोय. 'ठेव' या शब्दातला 'ठ' म्हणजे गल्ल्यावरून घरंगळणारा बंदा रुपया. बाकीची अक्षरं त्या रुपयाच्या मागे धावतायत. शाखेच्या दाराशी तो कागद तीन महिने होता. बाजाराच्या दिवशी बायका त्याच्याकडे बोट दाखवून आत येत, लिहितावाचता न येणाऱ्यासुद्धा. खाती वाढली, किती ते आता आठवत नाही. आमचे मॅनेजर खूश होते एवढं आठवतं.

मग तपासणीला एक साहेब आले. त्यांनी दाराशीच विचारलं, "हे कुणाचं काम?" मी पुढे झालो, जरा छाती काढूनच. ते म्हणाले, "ही बँक आहे, बालवाडी नाही. छापील पोस्टर आलंय ना? ते लावा." मी स्वतःच स्टुलावर चढून तो कागद उतरवला. पुढच्या बाजाराला एक भाजीवाली मावशी काउंटरशी येऊन म्हणाली, "सायेब, त्यो हासरा गल्ला कुटं गेला?" मी मान वर न करता तिची पावती फाडली.

एवढंच. यात अन्याय वगैरे काही नव्हता. नियम होता. पण त्यानंतर मी बँकेत कुंचला कधी हातात घेतला नाही, आणि पुढे संगणक आल्यावर खातेवहीवर नावं घालायचं कामही संपलं. त्याच वर्षांत बार्सिलोनातली एक बँक तसल्याच गल्ल्याला दारावर लावून बसली होती, हे कळल्यावर मला आनंद झाला की दुःख, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. माझा गल्ला मिरोच्या चांदणीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं. मिरो आजारी पडला आणि सुटला. माझी प्रकृती मात्र उत्तम राहिली.

पुण्याला परत आल्यावर बायकोनं माळ्यावरून एक पत्र्याचं नळकांडं काढलं. आमच्या अकरा बदल्यांतून तिनं ते सांभाळलं होतं, मला न सांगता. दिवाळीत मुलगी आणि नातू आले तेव्हा आम्ही तो कागद जमिनीवर उलगडला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, तांबडा रंग पोपडे धरलेला, पण गल्ला हसत होता. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. नातू पोटावर पालथा पडून बराच वेळ बघत राहिला. मी वाट बघत होतो. मिरोच्या शाळेतला मुलगा तो, काय म्हणतोय याची मला, खोटं कशाला सांगू, धाकधूक होती.

त्यानं गल्ल्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"आजोबा, याला फट कुठाय? पैसे टाकायचे कुठून?"

फट नव्हती. मी काढायलाच विसरलो होतो. तीन महिने दारावर होता, सगळ्या गावानं पाहिला, मॅनेजरनं पाहिला, तपासणीच्या साहेबांनी पाहिला, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. नातू उठला, दप्तरातून काळा स्केचपेन घेऊन आला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "काढू?"